हाऊस बिल

मे महिना. एमआयडीसीत पत्रा तापून कडकड वाजतोय.
चटईच्या कारखान्यात एक्स्ट्रूडर चार दिवस बंद.
फेगडेशेठ दर अर्ध्या तासाने माझ्या टेबलापाशी येतात
आणि काही न विचारता परत जातात.

पंप तैवानहून निघाला. चौदा किलो शंभर ग्रॅम, लाकडी खोका.
एवढ्याशासाठी आख्खं विमान कोण देतं?
त्रेचाळीस जणांचे डाग एका जाळीखाली आवळले,
वर एकच कागद, मास्टर बिल.
त्यावर ना शेठचं नाव, ना जळगावचं.
पाठवणारा एजंट, घेणारा एजंट.
आमचं नाव आतल्या कागदावर,
त्याला म्हणायचं हाऊस बिल.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं,
हाऊस म्हणजे कोणाचं घर?
सहारच्या गवाणकरांनी फोनवर हसून सांगितलं,
"बोरसे मॅडम, ज्याचं त्याचं."

तेव्हा मला दगाआप्पा आठवले होते.
दर पंधरवड्याला नरडाण्याहून सुरत पॅसेंजरने निघायचे.
आदल्या रात्री गल्ली त्यांच्या ओट्यावर:
उधन्याच्या पोरासाठी कळण्याचं पीठ,
लिंबायतच्या लेकीला बाळंतविडा,
कोणाचा चष्मा, कोणाचे तांब्याचे वाळे.
सुतळीने बांधलेली चिठ्ठी प्रत्येकाला,
गोणी मात्र एक, आणि तिकीट आप्पांचं.
नाक्यावरचा शिपाई काठीने गोणी ढोसायचा. शू छे?
आप्पा म्हणायचे,
"मनं काहीच नई भो. ज्यानं त्यानं शे."

आज अडलंय ते एका आकड्यावर.
मुंबईच्या एजंटाकडे कोणीतरी घाईत
१४.१ चं ११.४ टाइप केलं.
विमान उतरलं, जाळी सुटली, बेचाळीस डाग आपापल्या वाटेला लागले,
आमचा मांडणीवर बसला.
मॅनिफेस्टात एक वजन, बिल ऑफ एन्ट्रीत दुसरं,
आणि कॉम्प्युटरला हातचा एक माहीत नाही.
दुरुस्तीचं पत्र, पत्रावर शिक्का, शिक्क्यासाठी सही,
सहीवाला साहेब दुपारनंतर.
मोफतचे दिवस संपले. आता गोदामाचं भाडं किलोमागे.
(कोणत्या किलोमागे, हे विचारायचं मी टाळलं.)

दुरुस्ती झाली तर नवा प्रश्न आला:
हा पंप आहे, की यंत्राचा भाग?
पंप म्हटलं तर एक दर, भाग म्हटलं तर दुसरा.
मी भास्कर फिटरला विचारलं.
तो हात पुसत म्हणाला, "ताई, बसला की भाग.
पडून राह्यला तर पंप."
हे उत्तर पोर्टलवर कुठल्या रकान्यात भरू?
मी कॅटलॉगचं पान जोडलं,
बंद एक्स्ट्रूडरचा फोटो जोडला,
आणि कोणी मागितलं नव्हतं तरी
लिहिलं: चौदा माणसं बसून आहेत.

सव्वापाचला ड्यूटी भरली. तपासणीत एक फळी उचकटली, परत ठोकली.
सहा वाजायला दहा कमी असताना गवाणकरांचा मेसेज,
आउट ऑफ चार्ज.
पुढे एजंटाची डिलिव्हरी ऑर्डर, गेटपास,
आणि इरफान तडवीचा टेम्पो.
रात्रभर तो पोहोचल्याची गावं कळवत राहिला:
कसारा. मालेगाव. धुळं.
पारोळ्याला टायर. एरंडोलला चहा, "ताई झोपा आता."

सकाळी खोका उतरला.
एका अंगाला दोन लेबलं, एकाशेजारी एक चिकटवलेली,
मोठा नंबर सगळ्यांचा, बारका आमचा.
त्या बेचाळीस जणांची मला नावंही माहीत नाहीत.
कोणाची औषधं असतील, कोणाच्या बांगड्यांचे साचे;
तैपेहून मुंबईपर्यंत आम्ही एकमेकांना टेकून आलो.

शेठ आले. या वेळी बोलले: "आलं का?"
भास्करने पंप उचलून नेलाही.
मी त्याआधी, कोणी बघत नाही असं पाहून,
खोका स्टोअरच्या काट्यावर ठेवला होता.

चौदा किलो तीनशे.

काट्यावर टिचकी मारली. पुन्हा तीनशे.
दोनशे ग्रॅम कोणाचे?
रजिस्टर उघडलं,
चौदा-शंभर लिहिलं, खाली सही केली.